निकालातला जिवंत आकडा

खुनाच्या खटल्याचा निकाल देऊन न्यायाधीशांनी खाली सही केली, की त्यातला एक शब्दही त्यांना स्वतःला बदलता येत नाही. लेखनिकाची किंवा बेरजेची चूक राहून गेली असेल तर तेवढी सुधारायची. बाकी मागाहून काहीही सुचलं, कितीही वाटलं, तरी इलाज नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३६२व्या कलमाने त्यांचे हात बांधले होते, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ते तसेच बांधून ठेवले आहेत. ज्याला निकाल मान्य नाही त्याने वरच्या कोर्टात जावं. खालच्या कोर्टापुरती ती काळ्या दगडावरची रेघ.

पण याच संहितेत एक आदेश असा आहे, की तो देणारं कोर्टच तो पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी पुन्हा हातात घेऊ शकतं. आकडा वाढवू शकतं, घटवू शकतं, आदेश रद्दही करू शकतं. तो आदेश पोटगीचा. खेड्यापाड्यांत जिला खावटी म्हणतात, तीच ही.

हा अपवाद किती खोल आहे, हे २०२०च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात दिसतं. नवऱ्याने कोर्टात दरमहा २५,००० रुपये द्यायचं कबूल केलं, तडजोड झाली, अर्ज निकाली निघाला. पुढे पैसे काही येईनात. बायको परत कोर्टात आली आणि कौटुंबिक न्यायालयाने जुनं प्रकरण पुन्हा सुरू केलं. नवऱ्याचा आक्षेप हाच, की एकदा सही झालेल्या आदेशाला कोर्ट हात कसा लावतं? संजीव कपूर विरुद्ध चंदना कपूर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ३६२व्या कलमाची बंदी पोटगीच्या आदेशाला तितक्या कडकपणे लागत नाही. हा आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता यावा, अशी योजना कायद्यानेच करून ठेवलेली आहे.

मला या योजनेचं फार अप्रूप वाटतं. घटस्फोटाचा हुकूमनामा अपिलाची मुदत संपली की कायमचा होतो. दोघंही पुन्हा लग्न करायला मोकळे. नातं संपलं, घरं वेगळी झाली, पण त्याच हुकूमनाम्यातली पोटगीची ओळ मात्र उघडीच राहते. तेव्हाच्या पगारावर, तेव्हाच्या भाड्यावर, मुलाच्या तेव्हाच्या वयावर बेतलेला तो आकडा आहे आणि हे सगळं बदलणार आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांनी आधीच मान्य केलेलं आहे. जन्मभराचा हिशेब एका तारखेला करता येत नाही, अशी कबुली कायद्याच्या पुस्तकात फार थोड्या ठिकाणी सापडते.

दरवाजे दोन आहेत. पहिला दिवाणी बाजूचा. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं २५वं कलम कायमस्वरूपी पोटगीचं. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय, की परिस्थितीत बदल झाल्याची खात्री पटली तर कोर्ट कुणाही पक्षाच्या अर्जावरून आदेशात फेरफार करू शकतं किंवा तो रद्द करू शकतं. मुलांसाठीचं २६वं कलमही असंच लवचिक. दुसरा दरवाजा फौजदारी संहितेतला, जात-धर्म न पाहणारा. पोटगी मागण्याचं तिथलं जुनं १२५वं कलम आता १४४वं झालंय आणि आकडा बदलून मागण्याचं १२७वं आता १४६वं. मात्र एकीकडे कायमस्वरूपी पोटगी ठरली, की वाढ-घटीसाठी दुसरीकडे वळता येत नाही. घटस्फोटाच्या दाव्यात कायमस्वरूपी पोटगी ठरली असेल, तर पुढची वाढ किंवा घट त्याच कायद्याखाली मागायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या राकेश मल्होत्रा प्रकरणात सांगितलं.

२५व्या कलमाची सुरुवातही बघण्यासारखी आहे. हुकूमनामा देताना 'किंवा त्यानंतर कधीही' पोटगी देता येईल, असा तिचा आशय. म्हणजे घटस्फोटाच्या वेळी मागितलीच नव्हती तरी नंतर मागता येते. आणि मागणारी बाईच असली पाहिजे असंही नाही, कारण कलमात पती किंवा पत्नी असे दोन्ही शब्द आहेत. नांदेडच्या एका जोडप्याचं लग्न १९९२चं, घटस्फोट २०१५चा. बायको शिक्षिका. घटस्फोटानंतर दोनेक वर्षांनी माजी नवऱ्याने अर्ज केला, की मला उपजीविकेचं साधन नाही, पोटगी मिळावी. नांदेडच्या कोर्टाने त्याला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी दिली, आणि थकबाकीसाठी तिच्या पगारातून दरमहा ५,००० कापून कोर्टात भरावेत असं शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवलं. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे दोन्ही आदेश कायम ठेवले. घटस्फोट झाल्यावर कसली पोटगी, हा तिचा मुद्दा टिकला नाही. फौजदारी संहितेतला दरवाजा मात्र माजी नवऱ्याला उघडत नाही. तिथे बायको, मुलं आणि आई-वडील यांनाच मागता येतं.

आकडा जिवंत ठेवला नाही तर काय होतं, याचा नमुना खुद्द कायद्यानेच पुरवलेला आहे. १८९८च्या फौजदारी संहितेत पोटगीची कमाल मर्यादा होती महिन्याला ५० रुपये. १९२३मध्ये ती १०० झाली, १९५५मध्ये ५००. त्यानंतर ती जागची हललीच नाही. दूध, भाडं, कापड, फिया सगळं कित्येक पटींनी वाढलं आणि मॅजिस्ट्रेटला मात्र ५००च्या वर एक रुपया देता येत नव्हता. १९७८मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासमोर रमेश चंदर कौशल यांचं प्रकरण आलं, तेव्हा प्रश्न असा होता, की हे ५०० आई आणि मुलं सगळ्यांना मिळून, की प्रत्येकाला? कलमात 'एकूण' असा शब्द होता. न्यायालयाने त्याचा अर्थ लावला, की ही मर्यादा मागणाऱ्या प्रत्येकापुरती आहे, सगळ्या कुटुंबाला मिळून एक नव्हे. गोठलेल्या कायद्यातून माणसांना जेवढी वाट काढून देता येईल तेवढी त्यांनी काढली. महाराष्ट्राने १९९९मध्ये आपल्यापुरती मर्यादा १,५०० केली, आणि अखेर २००१मध्ये संसदेने ती देशभरातूनच काढून टाकली. १९५५चे ५०० रुपये ४६ वर्षं कलमात बसून होते.

त्या ५००च्या काळातलंच शाहबानो प्रकरण. त्यावर झालेलं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे, आकडे फारसे कुणाच्या लक्षात नसतात. १९७८च्या एप्रिलमध्ये इंदूरच्या कोर्टात शाहबानो बेगम यांनी महिन्याला ५०० रुपये मागितले. नवरा वकील, वर्षाचं उत्पन्न सुमारे ६०,००० रुपये असल्याचं त्यांचं म्हणणं. १९७९मध्ये मॅजिस्ट्रेटने दिले महिन्याला २५ रुपये. १९८०मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते वाढवून १७९ रुपये २० पैसे केले. नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याचं अपील फेटाळलं. देश ढवळून निघाला तो या १७९ रुपये २० पैशांवरून. त्या निकालाचा शेवट मुद्दाम वाचावा असा आहे. आधी नवऱ्याने अपिलाच्या खर्चापोटी शाहबानोंना १०,००० रुपये द्यावेत असा हुकूम आहे, म्हणजे साडेचार वर्षांच्या पोटगीहून अधिक रक्कम. आणि लगेच पुढे न्यायालय आठवण करून देतं, की परिस्थिती बदलल्याचं दाखवून १२७व्या कलमाखाली पोटगी वाढवून मागायची वाट त्यांना मोकळी आहे. एवढा गाजलेला, एवढा मोठा निकाल, आणि त्यातल्या आकड्याबद्दल न्यायालय स्वतःच म्हणतंय, की हा शेवटचा नव्हे.

परिस्थितीतला बदल म्हणजे नेमकं काय? कायद्याने त्याची यादी दिलेली नाही, आणि ते बरंच झालं. नोकरी जाणं, बढती मिळणं, आजारपण, अपंगत्व, निवृत्ती, पुनर्विवाह, मुलाची शाळा बदलणं, मूल सज्ञान होणं, महागाई, यातलं काहीही असू शकतं. फक्त ते खरं असलं पाहिजे, बऱ्यापैकी मोठं असलं पाहिजे आणि कागदावर दिसलं पाहिजे.

कोलकात्याच्या कल्याण डे चौधरी प्रकरणात हे बदल एकामागून एक कसे आकड्यावर आपटतात ते स्पष्ट दिसतं. उच्च न्यायालयाने पोटगी १६,००० ठरवली होती. मग नवऱ्याचा हातात पडणारा पगार ६३,८४२वरून ९५,५२७ झाल्याचं पुढे आलं आणि आकडा २३,००० झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की हातात पडणाऱ्या पगाराच्या २५ टक्के ही रक्कम वाजवी ठरेल. तो हिशेब केला तर २३,०००च्या थोडं वरच उत्तर येतं, म्हणजे उच्च न्यायालयाचं गणित बरोबरच होतं. पण दरम्यान नवऱ्याचं दुसरं लग्न झालं होतं, त्या लग्नातून मूल झालं होतं, त्या दोघांचाही भार त्याच्यावर होता. म्हणून आकडा २०,०००वर आणला. पगार वाढला म्हणून वर, नवी जबाबदारी आली म्हणून थोडा खाली. आपल्याकडे या निकालातले २५ टक्के तेवढे तोंडोतोंडी झाले आणि जणू कायद्यातच लिहिल्यासारखे सांगितले जातात. कुठल्याही कलमात ते नाहीत. त्याच निकालात न्यायालयाने स्वतः त्यापेक्षा कमी रक्कम दिली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

निवृत्ती झाली म्हणजे पोटगी आपोआप निम्मी होते, हाही असाच एक समज. शमीमा फारूकी यांनी १९९८मध्ये अर्ज केला होता. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश यायला २०१२ उजाडलं, म्हणजे १४ वर्षं. आदेशाच्या तारखेपासून पुढे दरमहा ४,००० ठरले. त्याच वर्षी नवरा लष्करातून निवृत्त झाला आणि उच्च न्यायालयाने निवृत्तीच्या तारखेपासून पोटगी २,०००वर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये ही कपात रद्द करून ४,००० परत आणले. निवृत्ती हा बदल खराच, पण निवृत्तीनंतर हातात काय येतं, देणाऱ्याची कुवत खरोखर किती उरली, हे तपासल्याशिवाय नुसती तारीख दाखवून आकडा निम्मा करता येत नाही. १४ वर्षं वाट पाहिलेल्या बाईच्या हातातले २,००० रुपये काढून घेताना तर नाहीच नाही.

घेणाऱ्या बाजूचे बदलही मोजले जातात. बायको शिकलेली आहे, कमवू शकते, हा युक्तिवाद तर जवळपास प्रत्येक प्रकरणात होतो. कमवू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने शैलजा प्रकरणात सांगून ठेवलंय. तिला खरोखर चांगली नोकरी लागली तर मात्र नवरा घटीचा अर्ज करू शकतो, आणि त्यात अन्याय काही नाही.

नवरा घटस्फोटानंतर खूप श्रीमंत झाला तर? इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. २०२४च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मिथल यांच्या पीठाने एका प्रकरणात म्हटलं, की पोटगी ही माजी नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी साधण्यासाठी नाही. विभक्त झाल्यावर तो भरभराटीला आला म्हणून बरोबरी मागायची, तर दुर्दैवाने तो कंगाल झाला असता तेव्हाही मागितली असती का, असा न्यायालयाचा सवाल होता. माझ्या मते हा सवाल रास्त आहे, पण तो कोट्यवधींच्या मालमत्तेच्या प्रकरणात विचारलेला आहे. महिना ४,००० किंवा ६,०००वर दोन पोरं वाढवणाऱ्या बाईच्या वाढीच्या अर्जाला उत्तर म्हणून तो फेकला जाऊ नये. तिची मागणी बरोबरीची नसते, किराण्याची आणि फीची असते.

खरी कसोटी लागते ती उत्पन्न सिद्ध करताना. वर्षानुवर्षं ही कौटुंबिक न्यायालयांची मोठी डोकेदुखी होती. नवरा सांगणार मी कफल्लक आहे, बायको सांगणार तो लाखोंनी कमावतो, आणि मधे न्यायाधीश अंदाजपंचे आकडा ठरवणार. यावर तोडगा निघाला तो आपल्या नागपूरच्या एका प्रकरणातून. रजनेश विरुद्ध नेहा. २०१३च्या जानेवारीत मुलगा झाला आणि त्यानंतर लवकरच ती सासर सोडून बाहेर पडली. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५च्या ऑगस्टमध्ये अंतरिम पोटगी ठरवली. तिला दरमहा १५,०००, १ सप्टेंबर २०१३पासून. मुलाला त्याच तारखेपासून दरमहा ५,०००, पण फक्त ३१ ऑगस्ट २०१५पर्यंत. १ सप्टेंबर २०१५पासून १०,०००. तान्ह्या बाळाचा खर्च आणि चालत्या-बोलत्या, लवकरच शाळेत जाणाऱ्या पोराचा खर्च एक नसतो, हे ओळखून एकाच आदेशात दोन आकडे. मुलाच्या वयाबरोबर चालणारी पोटगी! फेरफाराचा अर्ज यायची वाट न पाहता न्यायाधीशांनी फेरफार आधीच लिहून ठेवला.

हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून दिल्लीला पोचलं. ४ नोव्हेंबर २०२०ला न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी नागपूरचा आदेश कायम केला, सगळी थकबाकी १२ आठवड्यांत भरायला सांगितली आणि त्या निमित्ताने देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. दोन कायद्यांखाली दोन आदेश असतील तर एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करायची. आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात भरायचं.

हा नमुना एकदा तरी नजरेखालून घालावा. नोकरदारासाठी वेगळा आणि शेतीवर जगणाऱ्यासाठी वेगळा. शेतकऱ्याच्या नमुन्यात जमीन किती, कुठे, मालकीचा कागद कोणता, हे तर आहेच. आपल्याकडे म्हणजे सातबारा आणि फेरफार. पुढे जमीन ओलिताची की कोरडवाहू, वर्षभरात कोणती पिकं घेतली, गेल्या तीन वर्षांत तिच्यातून उत्पन्न किती आलं, जमीन बटईने घेतलीय का, गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, त्यांच्यापासून मिळकत काय, मधमाशा पाळता का, मासे सोडता का, शेतीवर कर्ज किती. घरात नांदलेल्या बाईला यातलं सगळं तोंडपाठ असतं, पण कोर्टात तिच्या तोंडच्या शब्दाला पुरावा म्हणून किंमत नसायची. आता ते नवऱ्यानेच शपथेवर लिहून द्यायचं. खोटं लिहिलं तर खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई होऊ शकते. आणि या नमुन्यालाही शेवटचा शिक्का नाही. भरून दिल्यावर परिस्थिती बदलली किंवा नवं काही हाती लागलं, तर पुरवणी शपथपत्र देता येतं.

वाढीचा अर्ज करणाऱ्यांना वकीलमंडळी म्हणूनच सांगतात, की जुना आदेश झाला तेव्हाचा खर्च आणि आजचा खर्च शेजारी-शेजारी मांडा. तेव्हाची बालवाडीची फी आणि आजची सातवीची. तेव्हाचं भाडं आणि आजचं. घट मागणाऱ्यालाही हाच नियम. नोकरी गेली तर कंपनीचं पत्र, बँकेचं खातेपुस्तक, विवरणपत्र. पगारातून आयकर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो तो कोर्ट धरतं, पण नवी गाडी घेतली, तिचा हप्ता जातो, म्हणून पोटगी परवडत नाही, हे सहसा ऐकून घेतलं जात नाही.

मुलांच्या पोटगीत आणखी एक बारकावा आहे. ती आईची नसते, मुलाची असते. म्हणून घटस्फोटाच्या तडजोडीत आईने 'मुलासाठी काही मागणार नाही' असं लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क बुडत नाही. आईने पुन्हा लग्न केलं तरी बापाची जबाबदारी तशीच राहते. आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरला जातो. २०००च्या पद्मजा शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलासाठी दरमहा ३,००० ठरवले आणि ते आई-बापांनी कमाईच्या प्रमाणात, म्हणजे बापाने दोन हिस्से आणि आईने एक, असे द्यायचे सांगितले. हे प्रमाणही उद्या कमाई बदलली तर बदलू शकतं.

एक गोष्ट मात्र सलते. मुलगा १८ वर्षांचा झाला की सर्वसाधारणपणे त्याची पोटगी थांबते. अविवाहित मुलीला, ती हिंदू असेल तर, दत्तक व निर्वाह कायद्याच्या २०व्या कलमाचा आधार लग्न होईपर्यंत आहे, असं २०२०च्या अभिलाषा प्रकरणात स्पष्ट झालं. मुलाला तसा आधार नाही. आता १८व्या वर्षी काय होतं? बारावी होते, आणि इंजिनिअरिंगची, डिप्लोमाची, नर्सिंगची फी सुरू होते. ज्या वर्षी खर्च सगळ्यात जास्त, त्याच वर्षी कायदा हात काढून घेतो. काही न्यायालयं आईची पोटगी वाढवून ही झळ कमी करतात, पण ते न्यायाधीशांच्या मनावर. संसदेने यात लक्ष घालायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

दरमहाची पोटगी अशी बदलत राहते, एकरकमी पोटगीचं तसं नाही. रक्कम दिली-घेतली, की बदलण्याजोगं फारसं काही उरत नाही. दरमहा तारखेकडे डोळे लावून बसावं लागत नाही हा तिचा मोठा फायदा, पण पुढे आजारपण आलं, महागाई भडकली, तर त्याची जोखीम घेणाऱ्याच्या पदरात. तिला आणखी एक कंगोरा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३च्या एका निकालानुसार एकरकमी पोटगी ही भांडवली जमा, तिच्यावर आयकर नाही. दरमहा येणारी मात्र उत्पन्न. सही करण्याआधी दोन्ही बाजूंनी हे पाहून घ्यावं. आणि 'यापुढे कधीही काही मागणार नाही' या वाक्याला कोर्ट नेहमीच भुलत नाही. कर्नाटकातल्या एका प्रकरणात बायकोने एकरकमी ८,००० रुपये घेऊन तसं लिहून दिलं होतं. त्यांचा घटस्फोट झालेला नव्हता. पुढे तिने दुसऱ्या कायद्याखाली पोटगी मागितली, तेव्हा २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की भविष्यातला निर्वाहाचा हक्क असा सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे.

पुनर्विवाहाचं काय? फौजदारी संहितेनुसार माजी बायकोने पुन्हा लग्न केलं की तिचा आदेश त्या तारखेपासून रद्द करावा लागतो. हिंदू विवाह कायद्यात मात्र कोर्ट तो बदलू 'शकतं'. तिथेही कुणीतरी अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने तसं म्हणावं लागतं. देणाऱ्याने परस्पर पैसे बंद केले, तर जुना आकडा साचतच राहतो.

परस्पर बंद करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. नोकरी गेली, धंदा बसला, तर लगेच अर्ज करावा, कारण आदेश बदलेपर्यंत जुनाच लागू. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि तुरुंगात जाऊन आलं तरी देणं फिटत नाही, हे कुलदीप कौर प्रकरणात १९८८मध्येच ठरलंय. पगारावर जप्ती आली तर? दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६०वं कलम बघा. सावकाराच्या किंवा बँकेच्या कर्जासाठी पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, म्हणजे जप्त होणार जेमतेम एक तृतीयांश. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी नेमकं उलट. सुरक्षित फक्त एक तृतीयांश, बाकी दोन तृतीयांश जप्तीला मोकळे. बँकेच्या देण्यापेक्षा लेकरांच्या ताटाचं देणं मोठं, हे कायद्याने अपूर्णांकात लिहून ठेवलंय.

घेणाऱ्या बाजूची अडचण याच्या उलट. वाढ मागायची तर पुन्हा वकील, पुन्हा शपथपत्र, पुन्हा तारखा, पुन्हा त्याच माणसासमोर उभं राहणं. बहुतेक बायका हे टाळतात, आणि आकडा आतून झिजत जातो. महागाई दरसाल सहा टक्के धरली तर आजचे १०,००० रुपये बाराव्या वर्षी साधारण आजच्या ५,००० इतकंच काम करतात. म्हणून आदेशातच ठरावीक वाढ लिहून ठेवण्याची पद्धत मला सगळ्यात मोलाची वाटते. २९ मे २०२५ला राखी साधुखान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच केलं. उच्च न्यायालयाने दरमहा २०,००० आणि दर तीन वर्षांनी पाच टक्के वाढ दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते ५०,००० आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के केलं. २६ वर्षांच्या मुलासाठी वेगळी पोटगी सक्तीची ठेवली नाही, पण त्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला.

तरी हिशेब करून पाहावा. दर दोन वर्षांनी पाच टक्के म्हणजे दहा वर्षांनी हे ५०,००० होतील ६३,८१४. सहा टक्के महागाईत तेवढ्याच गरजा भागवायला तेव्हा लागतील ८९,५४२. वाढीचा दर महागाईच्या निर्देशांकाला बांधला, जसा सरकारी नोकरांचा महागाई भत्ता बांधलेला असतो, तर ही तफावत पडणार नाही. कुठल्याही कौटुंबिक न्यायालयाला आज असा आदेश लिहायला २५व्या कलमात काही आडकाठी मला दिसत नाही. संमतीच्या घटस्फोटात तर दोन्ही वकिलांनी मिळून एक ओळ घालायची. तोवर दर चार-पाच वर्षांनी २५(२)चा अर्ज, सोबत जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत, दोन्ही काळांच्या खर्चाचा तक्ता आणि शपथपत्र, एवढा मार्ग ज्याच्या-त्याच्या हातात आहेच.